दीड दिवसाचं काळीज

गेल्या दोन महिन्यांतली पत्रं टेबलावर मांडून बसले आहे. सदराचा विषय एकच, गर्भाच्या वाढीचा अभ्यास. पण लिहिणारे पोल्ट्रीवाल्यांपासून निवृत्त बँक अधिकाऱ्यांपर्यंत सगळे आहेत. पहिल्या पत्राला मुद्दाम जास्त जागा देते आहे, कारण तशी पत्रं सगळ्यांत जास्त येतात.

प्रश्न : मी गडहिंग्लजला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. मागच्या महिन्यात प्रॅक्टिकलला कोंबडीच्या गर्भाची ३३ तासांची स्लाइड पाहिली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. आमच्याकडे चालू मायक्रोस्कोप दोनच आहेत आणि बॅच चोवीस जणांची. मॅडम, मला यातच संशोधन करायचं आहे. आमच्यासारख्यांना संधी मिळतात का? त्या कळतात कुठे?

उत्तर : मिळतात. त्या कळायला उशीर होतो हेही खरं आहे, मी ते स्वतः भोगलं आहे. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना पुण्यातल्या एका उन्हाळी प्रशिक्षणाची जाहिरात आमच्या कॉलेजात टपालाने आली होती. ती ऑफिसातल्या कुठल्याशा गठ्ठ्यात पडून राहिली. नोटीस बोर्डावर लागली तेव्हा अर्जाची मुदत संपून नऊ दिवस झाले होते. कागदाला टोचलेली टाचणी नवी कोरी होती, एवढं अजून आठवतं. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्या रात्री मी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सरळ एक अंतर्देशीय पत्र लिहिलं. मुदत गेली आहे हे पहिल्याच ओळीत मान्य केलं आणि पुढे पान संपेपर्यंत मी काय पाहिलं तेवढंच लिहिलं. वीस दिवसांनी उत्तर आलं, या म्हणून. तेव्हापासून मी तारखांना फार जपते, म्हणून तुलाही आधी तारखाच सांगते.

दिवाळीच्या सुमारास उन्हाळी संशोधन फेलोशिपची जाहिरात येते. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून ती देतात. निवड झाली की उन्हाळ्यात दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करायला मिळतं, विद्यावेतनही असतं. कोणत्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अर्ज करता येतो हे त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाच. ही फेलोशिप शिक्षकांसाठीही असते, तेव्हा हे पान तुझ्या मॅडमना नक्की दाखव. पुष्कळ प्राध्यापकांना ते माहीतच नसतं. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथे एन.आय.यू.एस. नावाच्या कार्यक्रमात पदवीच्या मुलांना जीवशास्त्राच्या शिबिरासाठी बोलावतात. आणि पुढच्या वर्षासाठी आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव : टी.आय.एफ.आर.ची, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, प्रवेश परीक्षा साधारण डिसेंबरात होते. जीवशास्त्राच्या पेपरवर मुंबईच्या टी.आय.एफ.आर.चा आणि बंगळुरूच्या एन.सी.बी.एस. या तिच्याच जीवशास्त्र केंद्राचाही रस्ता उघडतो, आणि बी.एस्सी.नंतर थेट इंटिग्रेटेड, म्हणजे एम.एस्सी.सकट, पीएच.डी.लाही बसता येतं. या दोन्ही ठिकाणी माशी, मासा यांच्या गर्भावर उत्तम काम चालतं. अर्ज सुरू होतात परीक्षेच्या काही महिने आधी. गणपतीपासून दर सोमवारी संस्थांची पानं स्वतः उघडून बघायची सवय लाव, नोटीस बोर्डावर विसंबू नकोस.

आता अर्जातला तो एक परिच्छेद, ज्यात तुला हे का करायचं आहे ते विचारतात. मी अशा अर्जांच्या छाननीला बसले आहे. लहानपणापासून विज्ञानाची आवड, देशाची सेवा, मानवजातीचं कल्याण : ढिगातले निम्मे अर्ज असेच सुरू होतात आणि वाचणाऱ्याच्या लक्षात एकही राहत नाही. तू मला काय लिहिलंस? स्लाइड डोक्यातून जात नाही. मग तेच लिही. ३३ तासांच्या त्या गर्भात तुला काय दिसलं? मधोमध मज्जानलिका, म्हणजे पुढच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी, तिच्या दोन्ही बाजूंना चौकोनी ठोकळ्यांच्या बारा-एक जोड्या, आणि वरच्या अंगाला उजवीकडे फुगवटा आलेलं हृदय. ते ठोकळे म्हणजे सोमाइट, पुढे होणाऱ्या मणक्यांची आणि पाठीच्या स्नायूंची सुरुवात. कोंबडीत दर ९० मिनिटांनी एक नवी जोडी पडते. ही टिकटिक पेशींच्या आत जनुकांच्या चढउतारातून चालते, हे १९९७ मध्ये ऑलिव्हिए पूर्किए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भातच दाखवलं. तू ज्या स्लाइडपाशी थांबलीस ती मेलेली, रंगवलेली आहे. जिवंत गर्भात त्याच सुमाराला हृदय हलायला लागलेलं असतं.

ते मी पहिल्यांदा पाहिलं तो प्रसंग तुला सांगते. अंडं सलाईनच्या बशीत फोडायचं. पांढरा भाग बाजूला केला की बलकावर एक पातळ, पारदर्शक आवरण दिसतं. बलकाच्या मध्यावरून कात्रीने ते गोल कापायचं आणि चिमट्याने इतकं हळू सोलायचं की त्याला चिकटलेली गर्भाची चकती त्याच्याबरोबर निघून यावी. मग वॉच ग्लासवर ते आवरण पसरायचं, वर काचेची कडी ठेवायची, आवरणाच्या कडा कडीवरून आत दुमडून ताणायच्या आणि खाली पांढऱ्याचा पातळ थर सोडायचा. डेनिस न्यू यांनी १९५५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, म्हणून तिला न्यू कल्चर म्हणतात. माझी पहिली सहा आवरणं फाटली. सातवं नीट बसलं. इन्क्युबेटरमधून दुसऱ्या दिवशी काढून मायक्रोस्कोपखाली धरलं तेव्हा रक्त अजून तांबडं झालेलं नव्हतं, नळीसारखं हृदय मात्र आचके दिल्यासारखं हलत होतं. दोन आचके, मग थांबणं, मग परत. दीड दिवसाचं काळीज. मी डोळा काढला नाही. शेवटी मागे उभ्या असलेल्या बाईंनीच दिवा बंद केला, उष्णतेने गर्भ मरेल म्हणून.

ज्या प्रयोगशाळेत हे घडलं तिची परंपरा लीला मुल्हेरकरांची. त्या एडिंबराला गर्भवैज्ञानिक कॉनरॅड वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आल्या आणि पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी कोंबडीच्या गर्भावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची फळी उभी केली. त्यांचा १९५८ चा निबंध ज्या नियतकालिकात आला, ते १९८७ पासून 'डेव्हलपमेंट' या नावाने निघतं आणि या विषयातल्या सगळ्यांत मानाच्या नियतकालिकांत मोडतं. तेव्हा या विषयातलं काम परदेशातच होतं असं तुला कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नकोस.

मायक्रोस्कोप दोनच आहेत, म्हणतेस. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना ज्यू म्हणून इटलीतल्या विद्यापीठातून बाहेर काढलं, तेव्हा त्यांनी तुरिनच्या घरात झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून हत्यारं केली आणि कोंबडीच्या गर्भावर काम चालू ठेवलं. त्या कामाच्या पुढच्या वाटेवर त्यांना १९८६ चं नोबेल मिळालं. चोवीस जणांत दोन मायक्रोस्कोप हे गैरसोयीचं आहे, आणि कॉलेजने आणखी घ्यायला हवेत हे तुम्ही लेखी मागा. पण प्रॅक्टिकल संपल्यावर अर्धा तास थांबायची परवानगीही माग. मी देत असे, आणि थांबणाऱ्या मुलींची नावं मला आजही पाठ आहेत.

प्रश्न : आमची खानापूर तालुक्यात गावरान पिल्लांची छोटी हॅचरी आहे. मुलगी एम.एस्सी. झाली, आता म्हणते पीएच.डी. करून अंड्यातल्या गर्भावर संशोधन करणार. मॅडम, राग मानू नका, पण यात पोट भरेल का? आणि पिल्लू कसं होतं ते बघून माणसाला काय उपयोग?

उत्तर : राग कसला? बापाने हे विचारायलाच हवं.

आधी पैशाचं. सी.एस.आय.आर.-यू.जी.सी. नेट परीक्षेत ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. खुल्या गटाला त्यासाठी एम.एस्सी.त ५५ टक्के लागतात. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात. या काळात फेलोशिपचे पैसे कधीकधी महिनोन्‌महिने अडकतात, तेव्हा घरून आधार लागेल, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पुढे कायम नोकरीच्या जागा थोड्या आहेत. पण गर्भाचं काम हाताने येणाऱ्या माणसाला दुसरीही वाट आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला. आज ही क्लिनिकं जिल्ह्याच्या गावांत पोचली आहेत, २०२१ च्या कायद्याने त्यांना नोंदणी सक्तीची आहे, आणि तिथे शिकलेला एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे भ्रूण हाताळणारा तज्ज्ञ, लागतोच.

उपयोगाचं विचारलंत, तर एकच उदाहरण देते. गर्भाच्या पाठीवर आधी एक सपाट पट्टी असते. तिच्या कडा उचलल्या जातात, एकमेकींना भेटतात आणि नळी मिटते. त्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतो. कोंबडीत हे दुसऱ्या दिवशी चाललेलं असतं आणि अंड्यात डोळ्याने बघता येतं. माणसात ते गर्भधारणेपासून २८ दिवसांच्या आत उरकतं, म्हणजे पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं पक्कं कळायच्याही आधी. नळी मिटली नाही तर मूल पाठीच्या कण्यात व्यंग घेऊन जन्माला येतं. अशी बाळं आधी झालेल्या आयांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले. गर्भ राहण्याच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिल्याने हा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. म्हणून गोळी लग्न झालेल्या, मूल हवं असलेल्या मुलीला आधीच सुरू करायची असते. नळी कधी मिटते हे गर्भ बघूनच कळलं.

आणखी एक सांगते. आठवड्यापेक्षा जास्त ठेवलेल्या अंड्यांत पिल्लं कमी निघतात, अंडी फिरवली नाहीत तर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो, थंड खोलीत ठेवलं की वाढ थांबते आणि ऊब दिली की परत चालू होते : हे तुम्हाला हाताने ठाऊक आहे. थांबलेली वाढ परत कशी सुरू होते, हा आजही अभ्यासाचा प्रश्न आहे. मुलीला रोज तासभर हॅचरीत तुमच्याबरोबर बसवा. मुलाखतीत ती हे बोलली तर समोरचे कान देऊन ऐकतील.

प्रश्न : अंडं आणि शुक्राणू नसतानाच मानवी भ्रूण तयार केल्याची बातमी वाचली होती. हे कुठवर आलं आहे? भीती वाटते. (निवृत्त बँक अधिकारी, ठाणे)

उत्तर : २०२२ मध्ये उंदराच्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी होऊ शकतात अशा पेशी, एकत्र ठेवून साडेआठ दिवसांच्या गर्भासारखी रचना वाढवण्यात आली. इस्राएलमध्ये जेकब हॅना यांच्या गटाने आणि केंब्रिजमध्ये मॅग्डालेना झेर्निका-गोएट्झ यांच्या गटाने हे केलं. २०२३ मध्ये हॅना यांच्याच गटाने मानवी पेशींपासून साधारण १४ दिवसांच्या गर्भाशी जुळणारी रचना दाखवली. शास्त्रज्ञ याला भ्रूण म्हणत नाहीत, भ्रूणाचं प्रतिरूप म्हणतात. त्यातून मूल होत नाही. माणसाच्या वाढीतला दुसरा-तिसरा आठवडा आजवर जवळजवळ अंधारात होता, आणि पुष्कळ गर्भ तिथेच गळतात; त्या अंधारात बघायला हे हवं आहे. खऱ्या मानवी भ्रूणाबाबत आपल्याकडे २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, १४ दिवसांपलीकडे तो प्रयोगशाळेत वाढवायला मनाई आहे. प्रतिरूपांसाठीही अशी स्पष्ट रेघ आत्ताच आखून घ्यावी, असं माझं मत आहे. तुमच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही.

प्रश्न : गर्भविज्ञान, भ्रूणशास्त्र की विकासजीवशास्त्र? (कणकवली)

उत्तर : पहिले दोन शब्द गर्भापुरते. पालीची शेपटी परत कशी येते, जखम कशी भरते, पेशी म्हाताऱ्या कशा होतात, हेही याच विषयात येतं, म्हणून मी विकासजीवशास्त्र लिहिते. बोलताना गर्भाची वाढ म्हटलं तरी चालतं.

प्रश्न : मी पुण्यात पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, झेब्राफिशवर काम करतो. एक तंत्र शिकायला परदेशातल्या लॅबमध्ये दोन महिने जायचं आहे. गाइड हो म्हणतात, पैसे नाहीत.

उत्तर : तुमचा मासा तर आपल्याच ओढ्यांतला! फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांबरोबर त्याचं पहिलं वर्णन केलं. आज जगभर तो काचेच्या टाक्यांत आहे.

पैशांसाठी कंपनी ऑफ बायोलॉजिस्ट्सची ट्रॅव्हलिंग फेलोशिप बघा. ही केंब्रिजची संस्था १९२५ मध्ये सुरू झाली, 'डेव्हलपमेंट' तीच काढते. दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन सहकार्याने काम करण्यासाठीच ही मदत असते, आणि तुमच्यासारख्या शिकाऊ संशोधकांसाठी असते. युरोपातल्या एम्बो या जीवशास्त्रज्ञांच्या संघटनेशी भारत २०१६ पासून सहयोगी सदस्य म्हणून जोडलेला आहे, त्यामुळे त्यांचे कोर्स आणि पोस्टडॉकच्या फेलोशिप आपल्यालाही खुल्या आहेत. अमेरिकेत वुड्स होलच्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत गर्भविज्ञानाचा सहा आठवड्यांचा उन्हाळी कोर्स १८९३ पासून चालतो. दिवसभर आणि मध्यरात्रीपर्यंत वेगवेगळ्या प्राण्यांचे गर्भ हाताळायला मिळतात. तिथे शुल्कात मदत मागता येते, ती मागायला संकोचू नका. आपल्या देशातली विकासजीवशास्त्रज्ञांची संघटना परिषदा भरवते. तिथे पोस्टर लावा. अशाच एका पोस्टरपुढे चहाचा कप हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाने माझ्या विद्यार्थिनीला जर्मनीला नेलं.

अर्जात एकच चूक वारंवार दिसते. लोक तंत्राचं नाव लिहितात, प्रश्न लिहीत नाहीत. दोन महिन्यांत कोणता प्रयोग, किती मासे, परत आल्यावर तो पुण्यात कोण चालू ठेवणार, हे लिहा. आणि यजमान लॅबचं पत्र आधी मिळवा, ते यायला महिना लागतो.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवतो. मुलांना वाढ म्हणजे काय ते डोळ्यांनी दाखवायचं आहे. अंडी फोडायला मन होत नाही. दुसरं काही आहे का, बाई?

उत्तर : आहे, आणि फुकट आहे. हायड्रा, गोड्या पाण्यातला एक इवलासा प्राणी. गावाजवळ स्वच्छ, संथ पाण्याचं तळं असेल तिथून पाणवनस्पती पाण्यासकट काचेच्या रुंद बरणीत आणा आणि बरणी खिडकीत ठेवून एक दिवस हलवू नका. उन्हात तापू देऊ नका. दुसऱ्या दिवशी उजेडाच्या बाजूला काचेवर चार-पाच मिलिमीटरचे तपकिरी दोरे चिकटलेले दिसतील, टोकाला केसांसारखे हात. काच ठोकली की ते गोळा होऊन टिंबाएवढे होतात, हीच खूण. पहिल्या खेपेला मिळाले नाहीत तर पावसाळा संपल्यावर दुसऱ्या तळ्यातून आणा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत वर्षानुवर्षं हायड्रावर काम होत आलं आहे, आणि पुण्यात मिळालेल्या हायड्राचा वाण शास्त्रीय निबंधांतून पुण्याच्याच नावाने ओळखला जातो, हे मुलांना जरूर सांगा.

ड्रॉपरने एक हायड्रा उचलून बशीतल्या तळ्याच्याच पाण्यात सोडा. नव्या ब्लेडने मधोमध दोन तुकडे करा. ब्लेड तुम्हीच धरा. दोन्ही तुकडे वेगवेगळ्या छोट्या बाटल्यांत, तळ्याच्याच पाण्यात ठेवा. नळाचं पाणी नको, त्यातल्या क्लोरिनने ते मरतात. खालच्या तुकड्याला तोंड नाही, हात नाहीत. मुलांना रोज त्याचं चित्र काढायला सांगा, तारीख आणि वेळ घालून. पहिल्या दिवशी तो नुसता ठोंब दिसेल आणि एखादं मूल म्हणेल की मेला. तेही वहीत लिहू द्या. मग वरच्या कडेला बारीक उंचवटे येतात आणि त्यांचे हात होतात. अब्राहम ट्रेम्बली यांनी हेच प्रयोग १७४४ मध्ये छापले तेव्हा त्यांच्याकडेही बरण्या आणि भिंगच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जरा लवकर जा, पण बाटलीपाशी आधी मुलांना जाऊ द्या.